उन्हाळ्याच्या सुट्टीत फिजिक्सचं संशोधन, तेही विद्यावेतनासह: बी.एस्सी.च्या मुलांसाठी धागा

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवतो. सुट्टीत मोठ्या संशोधन संस्थेत जाऊन काम करता येतं आणि त्याचे पैसेही मिळतात, हे आमच्याकडच्या मुलांच्या कानावरच येत नाही. आलंच तर मे महिन्यात येतं. तोवर सगळे फॉर्म कधीच बंद झालेले असतात.

पैशाचा उल्लेख शीर्षकात मुद्दाम केला आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं सुट्टीत कामाला लागतात. कोणी मेडिकलमध्ये, कोणी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, कोणी घरच्या शेतात. अशा मुलाला ‘दोन महिने पुण्याला जा, राहायचं-खायचं तुझं तू बघ, अनुभव मोठा मिळेल’ असं सांगणं म्हणजे जाऊ नको म्हणून सांगण्यासारखंच आहे. विद्यावेतन आणि वसतिगृह असेल तरच ते मूल घराबाहेर पडू शकतं. म्हणून इथे फक्त तशाच ठिकाणांबद्दल लिहू या.

सुरुवात मी करतो.

विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तिन्ही मिळून ती देतात. विद्यार्थ्यांना देतात तशी शिक्षकांनाही देतात, हे माझ्या शिक्षकबंधूंनी लक्षात घ्यावं. देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम असतं. अर्ज दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात. पुढचा उन्हाळा आदल्या दिवाळीत ठरतो, ही एकच गोष्ट मुलांच्या डोक्यात बसली तरी धाग्याचं निम्मं काम झालं.

टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, व्हीएसआरपी हा सुट्टीतला संशोधन कार्यक्रम. कुलाब्याच्या मुख्य संस्थेत, तसाच पुण्याला एनसीआरए या तिच्याच रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातही होतो. अर्ज साधारण जानेवारीत. कोणत्या वर्षाच्या मुलांना घेतात ते विषयागणिक वेगळं असतं, तेव्हा जाहिरातीतली पात्रतेची ओळ दोनदा वाचा.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस, म्हणजे पदवीपातळीच्या विज्ञानासाठीचा राष्ट्रीय उपक्रम. 2004 पासून चालू आहे. याचं मोल मला सगळ्यांत जास्त वाटतं, कारण तो पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे. बाकी बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. भाग 1 किंवा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला प्राधान्य असतं.

कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

सोनचाफा

सर, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी एस.वाय.ला आहे, सातारा जिल्ह्यात. मार्क 74 टक्के. दोन शंका आहेत. एवढ्या मार्कांवर तिला कोणी विचारेल का? आणि मुलींच्या राहण्याची सोय संस्थेत असते का? तिचे बाबा म्हणतात, बाहेर खोली घेऊन एकटीला ठेवायचं नाही. मलाही ते पटतं.

---

काळीपट्टी

सोनचाफाताई, दोन्हींचं उत्तर देते. मी सांगलीची. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत एका राष्ट्रीय संस्थेत होते, आता डॉक्टरेट करते आहे.

मोठ्या संस्थांमध्ये मुलींसाठी वसतिगृह किंवा अतिथीगृह असतं, आवारातच. गेटवर ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबलं तरी आवारातल्या आवारात चालत जायचं असतं. काही ठिकाणी जागा कमी असल्यामुळे फक्त विद्यावेतन देतात. तेव्हा निवडीचं पत्र आलं की लगेच समन्वयकांना ईमेल करून विचारायचं: खोली मिळणार का, कोणाबरोबर, मेसचं काय. यात भिडस्तपणा करायचा नाही.

मार्कांचं म्हणाल तर 74 मुळे दार बंद होत नाही. अर्जात ‘तुम्हाला हे का करायचं आहे’ हा जो रकाना असतो आणि शिक्षकांचं जे पत्र जातं, त्यावर फार अवलंबून असतं. ‘मला लहानपणापासून ब्रह्मांडाची ओढ आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असतं. त्याऐवजी तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय केलं, कुठे आकडे जुळले नाहीत, मग काय करून पाहिलं, ते चार वाक्यांत लिहावं.

मुलं तिथे नेमकं काय करतात असं माझे वडील सारखे विचारायचे, म्हणून तेही सांगते. मला म्यूऑन मोजायचं काम होतं. अवकाशातून येणारे किरण वातावरणावर आदळतात, त्यातून म्यूऑन नावाचे कण तयार होऊन खाली येतात, आपल्या अंगातूनही जातात. सिंटिलेटर म्हणजे एक खास प्लॅस्टिकची फळी असते. त्यातून म्यूऑन गेला की अगदी क्षीण उजेड पडतो आणि तिला जोडलेली प्रकाशगुणक नळी त्याचा विद्युत स्पंद करते. अडचण अशी की बाहेरचा उजेड आत शिरला तर ती नळी त्यालाही मोजते. म्हणून फळी आधी चकचकीत फॉइलमध्ये, मग काळ्या कागदात गुंडाळायची, आणि वरून काळी चिकटपट्टी.

मी गुंडाळलेल्या फळीचे आकडे अवाच्या सवा येत होते. आमचे सर काही बोलले नाहीत. खोलीतले दिवे घालवले आणि हातात टॉर्च दिला. मी फळीच्या कडेकडेने टॉर्च फिरवत गेले आणि एका कोपऱ्यावर आल्याबरोबर आकडा एकदम उसळला. तिथली पट्टी केसाएवढी उचललेली होती. ती दाबली, वर दुसरी लावली, आकडा खाली बसला. पुढे दोन फळ्या एकावर एक ठेवून, दोन्हींत एकाच वेळी स्पंद आला तरच मोजायचा, असं केलं. त्यानंतर म्यूऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंद जगतो ते आम्ही मोजलं. पुस्तकात तो आकडा मी पाठ केला होता. स्वतःच्या आलेखावर तो उतरलेला बघणं ही निराळीच गोष्ट आहे. मला पुढे हेच करायचं आहे हे तिथे नक्की झालं.

---

चौकसबुद्धी

माफ करा, पण वेगळं मत मांडतो. माझा मुलगा टी.वाय.ला आहे. बी.एस्सी.च्या मुलाला क्वांटमही धड झालेलं नसतं, तो संशोधन काय करणार? ते दोन महिने जॅमच्या, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला दिले तर आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळेल आणि पुढचा मार्ग मोकळा होईल. सुट्टीतल्या या कामाने जॅमचा एक मार्कही वाढत नाही.

---

खडूफळा

चौकसबुद्धी, तुमची काळजी रास्त आहे. जॅम फेब्रुवारीत होते. टी.वाय.च्या मुलाची ती झालेली असते, आणि एस.वाय.ला असेल तर पुढे आठ-नऊ महिने हातात उरतात. वेळापत्रक आड येत नाही.

खरा मुद्दा दुसरा आहे. आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधीच ठरलेलं असतं. g ची किंमत 9.8 आली नाही तर मुलं आकडे मागून पुढे जुळवून आणतात. तसं करणारी मुलं वाईट नसतात, आपण त्यांना चुकलेल्या आकड्याचं काय करायचं ते कधी शिकवलेलंच नसतं. वर काळीपट्टीताईंनी टॉर्चची जी गोष्ट सांगितली, तेच खरं शिक्षण. सोळा प्रयोगांची वही पूर्ण करून ते मिळत नाही. संशोधन म्हणजे नवा शोध लागलाच पाहिजे असं या वयात कोणीही धरत नाही. उत्तर आधी माहीत नसलेल्या प्रश्नापाशी दोन महिने बसायची सवय लागली तरी पुष्कळ झालं.

आणि आणखी एक. आमच्या भागातल्या कित्येक मुलांनी आयुष्यात एकही शास्त्रज्ञ समोर बघितलेला नसतो. एम.एस्सी.ला जायचं की नाही हे त्यांनी कशाच्या बळावर ठरवायचं?

---

दुर्बीणवाला

खडूफळा सरांना शंभर टक्के अनुमोदन.

मी नारायणगावकडचा, जीएमआरटीशी कामानिमित्त बरीच वर्षं संबंध आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी आहेत. चौदा मधल्या भागात दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, पार 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं हे काम. तारांच्या जाळीची हलकी तबकडी ही त्यांचीच कल्पना, आणि त्यामुळेच एवढ्या मोठ्या दुर्बिणी आपल्याला परवडल्या.

सुट्टीत येणाऱ्या मुलांना बहुतेकदा पल्सारचा विदा (मोजलेले आकडे) देतात. पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरताना ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचा स्पंद पाठवणारा तारा. पहिल्या दिवशी मूल पडद्याकडे बघतं तर नुसता गोंगाट दिसतो, खालीवर उड्या मारणारी रेघ. मग त्याला सांगायचं: हा तारा 0.714 सेकंदाला एक फेरी घेतो, तर या रेघेचे तेवढ्या लांबीचे तुकडे कर आणि एकावर एक ठेवून बेरीज घे. गोंगाट कधी वर कधी खाली असतो, तो बेरजेत मारला जातो. स्पंद मात्र दर वेळी त्याच जागी येतो, तो साठत जातो. शे-दोनशे तुकडे झाले की मधोमध टोक वर येऊ लागतं. आवर्तकाळ जरासा चुकीचा धरला तर तेच टोक पसरट होऊन विरून जातं. मुलं मग स्वतःहून आकडा इकडेतिकडे करून बघत बसतात, जेवायला बोलवावं लागतं. यासाठी लागतं काय? थोडं पायथॉन आणि बेरीज-सरासरी. चौकसबुद्धी साहेब, क्वांटम नसलं तरी चालतं.

एस.वाय., टी.वाय.च्या मुलांसाठी एक सांगतो. उन्हाळी निवड अवघड वाटत असेल तर पुण्यात एनसीआरए आणि आयुका ही खगोलशास्त्राची दुसरी संस्था मिळून डिसेंबरात रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात, तिला अर्ज करा. थोड्या दिवसांचीच असते, पण हाताने काम करायला मिळतं आणि पुढच्या अर्जात लिहायला ठोस काहीतरी होतं. आयुकाचा उन्हाळी कार्यक्रम मुख्यतः एम.एस्सी. आणि इंजिनिअरिंगच्या शेवटून दुसऱ्या वर्षासाठी आहे, तो त्यानंतरचा टप्पा समजा. आणि 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला दुर्बिणी सगळ्यांना बघायला खुल्या असतात. तिथल्या लोकांशी बोला. इतक्या गर्दीतही मुलांच्या प्रश्नांना ते आवडीने उत्तरं देतात.

---

इंद्रायणीकाठ

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणं भाग आहे. माझ्या भाच्याने ऑनलाइन ‘रिसर्च इंटर्नशिप’ची जाहिरात बघून एका खासगी कंपनीला नोंदणी फी भरली. त्यात मिळालं काय, तर रेकॉर्ड केलेली काही व्याख्यानं, एक वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा आणि रंगीत प्रमाणपत्र. मार्गदर्शक कोण, याचं नावसुद्धा नव्हतं. त्याच्या आईने ते पैसे भिशीतून काढले होते.

पालकांनी एवढं बघावं: जिथे विद्यार्थ्याकडूनच पैसे मागतात, निवड दोन दिवसांत ‘पक्की’ होते आणि कोणत्या शास्त्रज्ञाबरोबर कोणत्या विषयावर काम आहे हे सांगत नाहीत, तिकडे फिरकू नका. सरकारी संशोधन संस्थेची जाहिरात तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवरून फॉर्म भरू नका, संस्थेचं पान उघडून तिथूनच जा.

---

सोनचाफा

बरं झालं सांगितलंत. अगदी अशीच जाहिरात मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर आली होती. तिला हा धागा वाचायला दिला आहे. ती विचारते आहे की जाहिरात नसेल तर थेट प्राध्यापकांना ईमेल केलेली चालते का?

---

काळीपट्टी

चालते, आणि कित्येकांची कामं तशीच जमतात. आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या अशा ईमेल सर कधीकधी मला वाचायला देतात, म्हणून दुसऱ्या बाजूने कशा दिसतात ते सांगते.

‘आदरणीय महोदय, मला आपल्या प्रतिष्ठित संस्थेत कोणत्याही विषयावर काम करायला आवडेल’ अशी ईमेल चाळीस जणांना एकदम पाठवलेली कळते. तिला उत्तर जात नाही. उत्तर कशाला गेलं ते सांगते. एका मुलाने लिहिलं होतं की त्याने आमच्या गटाचा एक लेख वाचला, सगळा कळला नाही, पण त्यातला तिसऱ्या आकृतीचा आलेख त्याने दिलेल्या आकड्यांवरून स्वतः काढून बघितला आणि एका टोकाला त्याचा वेगळा येतो आहे, तो का? खाली आलेख जोडला होता. तो दोन महिने येऊन राहिला, सरांनी स्वतःच्या प्रकल्पातून त्याला विद्यावेतन दिलं.

ईमेल छोटी ठेवायची. कोण, कोणत्या वर्षाला, काय येतं, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत. आणि खर्चाचं स्पष्ट विचारायचं: ‘या काळात विद्यावेतन किंवा राहण्याची सोय होऊ शकेल का? त्याशिवाय मला येणं शक्य होणार नाही.’ हे वाक्य लिहायला आपल्याकडची मुलं फार संकोचतात. संकोचायचं कारण नाही. समोरच्याकडे निधी असेल तर तो ठेवलेलाच असतो, नसेल तर ते तसं कळवतात.

---

विज्ञानवारी

इन्स्पायरबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि पुढे मूलभूत विज्ञानाला गेलेल्या मुलांना केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही शिष्यवृत्ती मिळते. वर्षाचे 80,000 रुपये. त्यातले 60,000 थेट विद्यार्थ्याला, आणि उरलेले 20,000 खास उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. म्हणजे ही मुलं एखाद्या प्राध्यापकांकडे गेली तर पैसे आपल्याबरोबर घेऊनच जातात. ईमेलमध्ये पहिल्या परिच्छेदातच ‘मला इन्स्पायर आहे’ असं लिहावं, समोरच्याचं ओझं हलकं होतं. पूर्वी केव्हीपीवाय नावाची अशीच शिष्यवृत्ती होती, ती 2022 मध्ये इन्स्पायरमध्येच विलीन झाली. जुन्या माहितीपत्रकांवर अजून तिचं नाव दिसतं, त्यावरून गोंधळू नका.

---

एल्बेकाठचा

हॅम्बुर्गहून लिहितो आहे. परदेशातल्या संधींबद्दल थोडं.

इथल्या डेझी या संशोधन केंद्रात उन्हाळी विद्यार्थी जगभरातून येतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचाही असाच कार्यक्रम आहे. भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तिथे पदवीची तीन वर्षं पूर्ण झालेली लागतात, म्हणजे एस.वाय.ला असताना नाही, एम.एस्सी.त गेल्यावर. दोन्हीकडे भत्ता मिळतो आणि अर्ज साधारण जानेवारीअखेरपर्यंत असतात. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या ‘राइज’ या उन्हाळी इंटर्नशिपचं नाव मुलं इंटरनेटवर वाचतात आणि मला विचारतात. ते उत्तर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड इथल्या विद्यापीठांतल्या मुलांसाठी आहे. भारतासाठी ‘वाइज’ आहे, पण ते ठरावीक संस्थांमधल्या विद्यार्थ्यांपुरतं. आपल्या संलग्न महाविद्यालयातल्या मुलांना तिथे दार बंद आहे. मला हे मनापासून खटकतं, कारण आयआयटीतल्या मुलाला तसेही दहा मार्ग असतात.

अमेरिकेतल्या ‘आरईयू’ या पदवीच्या मुलांसाठीच्या संशोधन कार्यक्रमाचंही तसंच. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा पैसा असल्यामुळे तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं. तिकडच्या मराठी घरांतली, तिथेच वाढलेली मुलं जरूर अर्ज करतात, भारतातून मात्र होत नाही. कॅलटेक विद्यापीठाचा लायगो सर्फ हा गुरुत्वीय लहरींवरचा उन्हाळी कार्यक्रम याला अपवाद. तो दहा आठवड्यांचा असतो आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही घेतात.

---

खडूफळा

लायगोचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. लायगो-इंडिया आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला होते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटींना मंजुरी दिली. काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आणि आतमध्ये अति उच्च दर्जाची निर्वात पोकळी. गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र आमच्या मुलांच्या घरापासून एसटीच्या अंतरावर उभं राहणार आहे. ते चालवायला निर्वात तंत्र, लेझर, इलेक्ट्रॉनिक्स, संगणन या सगळ्यांतली माणसं लागतील. ती सगळी बाहेरून यावीत आणि आमच्या मुलांनी फक्त कुंपणाबाहेरून बघावं, असं होता कामा नये. तयारी आजच्या एफ.वाय.च्या वर्गातच सुरू व्हायला हवी.

---

आर्या_एसवाय

मी सोनचाफा यांची मुलगी. सगळं वाचलं, खूप आभार. अजून दोन प्रश्न आहेत. शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं? प्राचार्यांकडून घेतलं तर वजन पडेल असं मैत्रिणी म्हणतात. दुसरं, आमच्या विद्यापीठाची परीक्षा कधीकधी जूनपर्यंत लांबते आणि कार्यक्रम मे महिन्यात सुरू होतात. मग काय करायचं?

---

खडूफळा

आर्या, प्राचार्यांनी तुला प्रयोग करताना बघितलेलं नाही, त्यामुळे ते ‘विद्यार्थिनी हुशार व सुस्वभावी आहे’ यापलीकडे काय लिहिणार? ज्या मॅडम किंवा सर तुला प्रात्यक्षिकाला आहेत त्यांच्याकडून घे. त्यांना आयत्या वेळी गाठू नकोस. निदान तीन आठवडे आधी जा, बरोबर तुझा अर्ज, तुझी प्रात्यक्षिकाची वही आणि तू वेगळं काय केलंस ते अर्ध्या पानावर लिहून ने. मी पत्र लिहितो तेव्हा मला याच गोष्टी लागतात. बऱ्याच ठिकाणी पत्र शिक्षकांनीच थेट ऑनलाइन पाठवायचं असतं, त्याची लिंक त्यांच्या ईमेलवर येते आणि स्पॅममध्ये पडून राहते. ती आली का, हे दर चार दिवसांनी विचारत राहा. आम्ही शिक्षक रागावत नाही.

---

काळीपट्टी

परीक्षेचं मी सांगते, माझ्याही वेळी हेच झालं होतं. निवड झाल्याबरोबर समन्वयक आणि मार्गदर्शक दोघांनाही एकाच ईमेलमध्ये कळव, वेळापत्रक आलं असेल तर जोड, नसेल तर मागच्या वर्षीचं जोड. त्यातच ‘परीक्षा संपल्यावर दुसऱ्या दिवशी रुजू होईन’ अशी नेमकी ओळ लिही. काही संस्था तारखा मागेपुढे करू देतात. ज्यांच्याकडे सगळ्या मुलांची व्याख्यानं एकत्र असतात त्यांना ते जमत नाही, पण ते तसं आधीच सांगतात आणि मग दुसरीकडे जाता येतं. राज्याच्या विद्यापीठांच्या परीक्षा लांबतात हे या लोकांना चांगलं माहीत असतं. काहीच न कळवता पहिले दोन आठवडे गैरहजर राहिलं तर मात्र जागा दुसऱ्याला जाते.

अकादमीच्या फॉर्मचा मजकूर लिहून झाला की इथे टाक किंवा मला व्यक्तिगत निरोप पाठव. मी वाचून देते.